दुसरा उन्हाळा

आमच्या चिंचटाकळीत पोरगी द्यायची म्हटलं की पाहुणे आधी नवऱ्या मुलाचे पाय बघायचे. घर, वावर, बैलजोडी हे सगळं मागाहून. हसनाबादच्या एका गृहस्थानं, जो माझा चुलत सासरा होता होता राहिला, मला अंगणात दोन चकरा मारायला लावल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितलं, पोटरीवरचे तीन डाग बघितले आणि पान न खाताच उठला. जाताना म्हणाला, "पोरगं चांगलं हाय, पण गाव नारूचं हाय." मी जातीनं सुतार, नाव कडूबा. हातांची कारागिरी सोडून पायांवरून नापास झालेला सुतार माझ्याशिवाय दुसरा कुणी नसावा.

नारू ज्यांनी पाहिला नाही ते सुखी. ऐन वैशाखात पायावर फोड येतो आणि आग आग होते. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर येतं. तो दोरा नसतो, जिवंत जंत असतो, दोन-दोन हात लांब. हिसका दिला की तुटतो आणि तुटला की पाय सडतो. म्हणून तो ओढायचा नसतो. तुरीच्या काडीला त्याचं टोक गुंडाळायचं आणि रोज बोटभर काडी फिरवायची, त्याहून जास्त नाही. पंधरा दिवस, वीस दिवस, कधी महिना. तोवर माणूस खाटेवर आणि वावर तसंच पडलेलं.

हे काम गावात गोजरआत्या करायची. ती गावची लेक. भर तारुण्यात कुंकू पुसलं गेलं तेव्हा पदरात एक पोर घेऊन माहेरी आली ती कायमची, म्हणून लहानथोर सगळ्यांची आत्या. तिच्या हाताखालून गेला नाही असा पाय गावात नव्हता. माझे तीनही डाग तिच्याच हातचे. हात कापसासारखा मऊ आणि जीभ कुऱ्हाडीसारखी. कुणी गडी विव्हळला की म्हणायची, "बाळातीण हायेस का वरडायला? गप बस, न्हाईतर दुसऱ्याबी पायाला नारू सोडते." पण तिची स्वतःची झुंबर सोळाव्या वर्षी नारूनंच गेली. आत्या त्या दिवशी मंठ्याच्या बाजाराला गेली होती आणि शेजारणीनं घाई करून काडी फिरवली. तेव्हापासून उन्हाळ्यात आत्या गाव सोडून एक दिवस कुठं गेली नाही.

तिची बसायची जागा म्हणजे बारवेची शेवटची पायरी. आमची बारव छत्तीस पायऱ्यांची, काळ्या दगडाची. पंचक्रोशीत असं गोड पाणी नाही, हे मी गावचा म्हणून म्हणत नाही. पाण्याशी जायची आमची रीतही होती. वहाणा वरच काढायच्या, खाली उतरायचं, शेवटच्या पायरीवर पाय धुवायचे, पाण्याला हात जोडायचे आणि मगच घागर बुडवायची. धुळीच्या पायांनी गंगेसमोर उभं राहायचं नाही, असं आम्हाला आईच्या कडेवर असल्यापासून शिकवलेलं. आणि नारूवाल्याला आत्या त्याच पायरीवर बसवायची. पाय गार पाण्यात सोडला की आग थांबते आणि नारू सैल पडतो, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं.

सरकारी फसली सन १३४५, इंग्रजी १९३६, तीर महिना. म्हणजे आपला वैशाख. तालुक्याहून सफाईचे दारोगा आले. गयासोद्दीन त्यांचं नाव. अंगानं काटकुळे, तट्टावरून आलेले आणि खिशात एक भिंग. मी सुतारकाम शिकायच्या आधी उर्दूच्या चार यत्ता केल्या होत्या, म्हणून रामराव पाटलांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. दारोगा बारवेच्या पायऱ्या उतरू लागले तेव्हा खाली आत्या आमच्या गावच्या पुंजारामचा पाय पाण्यात सोडून काडी फिरवत होती. शेजारी आमच्या गल्लीतली कमरबी घागर भरत होती. दारोगा तिथूनच ओरडले, "उठाव! पाव उठाव पानी में से!"

पुंजाराम घाबरून उठला आणि आत्या चिडली. "काहून वरडून राह्यले? तुटला आस्ता ना आता!"

दारोगांनी खाली येऊन पिशवी उघडली. काचेचा पेला काढला, कमरबीच्या घागरीतून भरला, उन्हात धरला आणि भिंग आत्याच्या हातात दिलं. पाण्यात बारीक पांढरे ठिपके होते. भिंगातून बघितलं तर ते टुणटुण उड्या मारत होते. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं बघितलं. मला तर त्या दिवशी रात्रीपर्यंत तहानच लागली नाही.

"नारूवाला पाव पानी में गया," दारोगा सांगू लागले, "तो नारू पिल्ली सोडतो. ये कीडे पिल्ली खाते. तुम पानी के साथ कीडे पीते. खलास. पायातून पानी में, पानी से पोट में."

आत्यानं पेला पुन्हा मागून घेतला. भिंग लावून एकेक ठिपका बघितला. मग तिनं तो पायरीवर हळूच ठेवला आणि म्हणाली, "म्हंजे तीस वर्सं म्याच पाजून राह्यले की गावाला. माझ्या झुंबरलाबी."

जिच्या शिव्या खाऊन आम्ही बरे झालो तिचं तोंड असं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि दारोगांचा रागही आला. खरं सांगणाऱ्याचा येतो तसा.

संध्याकाळी चावडीवर मी हुकूम वाचून दाखवला. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालावी. बारवेला कमरेइतका कठडा करावा, वर रहाट बसवावेत, पाणी फक्त दोर-पोहऱ्यानं काढावं. कुणाचाही पाय पाण्याला लागू नये. पुढच्या तीर महिन्यात तपासणी होईल आणि गावात एक जरी नारू सापडला तरी बारव दगडमातीनं बुजवली जाईल. या सगळ्याची जिम्मेदारी गावातल्या एका इसमानं घ्यावी आणि तसा मुचलका लिहून द्यावा. इसम न मिळाल्यास बारव याच महिन्यात बुजवावी.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. बारव बुजली तर पुढचं गोडं पाणी दोन कोसांवर. रामराव पाटील तापट माणूस, ते उभेच राहिले. "माझ्या पणज्यानं बांधलेली बारव. तिच्या तोंडाला बोळा घालायच्या कागदावर माझी सही होनार न्हाई. पाय धुऊन पानी घेतो आमी, आन् आमालाच घान म्हनता?"

पाटलांनी नाही म्हटल्यावर दुसरं कोण पुढं होणार? माणसं एकमेकांच्या मागं सरकू लागली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गोजरआत्या उठली.

"माझा अंगठा घ्या. पन दारोगासाब, एक साल न्हाई, दोन साल ल्याहा."

"क्यों?"

"आमच्या गावात सून येती. पहिल्या उन्हाळ्यात तिला कायबी होत न्हाई. नारूच्या पंगतीला ती दुसऱ्या उन्हाळ्यात बसती. तीस वर्सांत एक सून चुकली न्हाई. म्हंजे आज पेलेला नारू सालभर आंगात ऱ्हातो. तुमी उद्या भिंत घातली तरी आज जे पेले त्याइचे पुढच्या उन्हाळ्यात निघनारच. मंग तुमी म्हनसाल, भिंत फुकट गेली."

दारोगांनी हुकूम पुन्हा उलगडला. मग कागदाकडे बघून म्हणाले, "बाई, बात बराबर आहे. पण हुकूम तालुक्याचा. माझ्या हातानं एकाचं दोन होत नाही."

"मंग एकाचंच ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली आणि शाईत अंगठा बुडवला. पुढच्या वर्षी आपण हरणार हे ठाऊक असून तिनं अंगठा दिला. गावाला वाटलं म्हातारी बावळट आहे. मला तेव्हा तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांत गावानं चार मोटा लावून बारव उपसली, दारोगांनी लाल दवा टाकली, गवंड्यांनी पायऱ्यांचं तोंड चिणलं. मी चार रहाट केले. कणे बाभळीचे, चाकं सागाची. पहिल्या दिवशी कमरबीनं पोहरा सोडला आणि माझ्या कामाची पहिली तारीफ केली, "कडूबा, तुझा रहाट तर नवरीपेक्षा जास्त रडतो." मी एरंडेल लावलं. बायकांचे खांदे दुखले, हातांना घट्टे पडले आणि त्याचं सगळं श्रेय आत्याला मिळालं. पाय न धुता घागर भरायची सवय काही म्हाताऱ्यांना होईना. त्या घरून पाय धुऊन यायच्या, रस्त्यात पुन्हा धुळीनं भरायच्या आणि कठड्याशी उभ्या राहून आत्याच्या नावानं बोटं मोडायच्या.

माघात माझं लग्न झालं. केदारखेड्याच्या बद्रीनाथांची नंदाबाई. त्यांनीही मला चालवलंच, पण आत्या मध्ये पडली. "याचे डाग जुन्या पान्याचे हायेत. तुमची पोरगी नवं पानी पिनार. तिला दुसऱ्या उन्हाळ्यात नारू निघाला तर गाडी मी जुंपते, पोरगी माघारी न्या." बद्रीनाथ म्हणाले, "नेईनच." सासरा म्हणून माणूस अगदी सरळ.

आणि मग तो उन्हाळा आला. वैशाख लागला तसे फोड आले. आधी पुंजाराम, मग पाटलांचा धाकटा, मग एकेक करत एकवीस माणसं खाटेला लागली. आत्यानं सगळं आधीच सांगितलं होतं, पण जळता पाय ज्याचा त्याला कुठलं आठवतं? गाव उलटलं. "भिंत बांधून काय मिळालं? पानीबी वडून राह्यलो आन् नारूबी भोगून राह्यलो!"

आत्या आता काड्या आपल्या अंगणात फिरवायची. पाय बादलीत सोडायची, आणि ती बादली तापल्या खडकावर नेऊन ओतायची, ओढ्यात नाही, वावरात नाही. उरलेला दिवसभर काठी घेऊन कठड्याशी बसायची. पुंजारामला आग सोसेना म्हणून तो एकदा भरदुपारी चिणलेली भिंत चढायला लागला. आत्यानं त्याचं धोतर धरलं. पुंजाराम वर राहिला, धोतर खाली आलं. गडी तसाच उडी मारून घराकडं पळाला आणि त्या दिवसापासून भिंतीच्या वाटेला गेला नाही.

तपासणीला तीन दिवस उरले असताना पाटील पहार घेऊन बारवेवर आले. मागं वीस-पंचवीस माणसं. "बुजवायचीच हाय तर आमीच आधी भिंत पाडतो. शेवटचं तरी रीतीनं उतरून, पाय धुऊन पानी भरू."

आत्या भिंतीवर चढून बसली. "पाडा. पन आधी मला हानावं लागंल." पाटलांनी पहार जमिनीला टेकवली. मग त्यांच्याकडं पाठ करून ती माझ्यावर ओरडली, "कडूबा, गाडी जुंप. गेल्या वैशाखात आपल्या किती लेकी सासरी गेल्या? चार ना? त्याइला जल्दी घेऊन ये. म्हनाव गोजरआत्या मरायला टेकली."

मी विचारलं, "खरंच टेकलीस का?"

"तू उशीर केला तर टेकीन."

दोन दिवस मी गाडी हाकत होतो. एक लेक मंठ्याला, एक हसनाबादेत, दोघी वाटेतल्या खेड्यांत. मंठ्याच्या घरी पोहोचलो तर आमची गंगू ओसरीत बसलेली, पाय फडक्यात बांधलेला. तिची सासू माझ्यावर तुटून पडली. "आमच्या गावात सात पिढ्यांत नारू न्हाई, तुमच्या पोरीनं आनला!" त्या शिव्या खाताना मला एकदम उमगलं आणि मी तिथंच मोठ्यानं हसलो. सासूला वाटलं सुताराला ऊन लागलं. हसनाबादच्या लेकीच्या पायातही नारू होता. तिसरीच्याही. चौथी तेवढी सुटली होती.

तपासणीच्या दिवशी दारोगा चावडीवर आले. एकवीस माणसं खाटांवर ओळीनं ठेवलेली. पाटील म्हणाले, "बघा तुमची भिंत." दारोगांचा चेहरा पडला. तेव्हा आत्यानं चारही लेकींना पुढं आणलं; गंगूबरोबर तिची सासूही भांडायला आली होती.

"दारोगासाब, ह्या भिंतीच्या आधी सासरी गेल्या. सालभर त्याइच्या तोंडात इथलं पानी न्हाई. त्याइच्या सासरी कुनाला नारू न्हाई, इचारा त्याइच्या सासूला. मंग तिघींच्या पायात हा कुठून आला? ह्यो गेल्या सालचा हाय. भिंतीच्या पल्याडचा हाय. ह्या खाटंवरच्याइचाबी तोच."

पाटील म्हणाले, "आन् माघात आलेल्या सुनाइला काहून न्हाई?"

"पहिला उन्हाळा हाय म्हनून. पाटील, ते तर मी गेल्या सालीच बोल्ले होते. सुना पुढल्या साली इचारा. पाच जनी आल्या भिंतीनंतर. त्याइच्यातल्या एकीला जरी निघाला, तर बुजवा बारव आन् मीबी गावातून जाते."

दारोगांनी गंगूचा पाय पाहिला. तिच्या सासूला विचारलं, मुलखात कुठं नारू आहे का. ती ठणकावून नाही म्हणाली. तिला वाटलं आपण चिंचटाकळीला नावं ठेवतोय, आणि प्रत्यक्षात ती चिंचटाकळीची बारव वाचवत होती. मग दारोगांनी कागद काढला. त्यात शेवटी कैफियतीचा एक रकाना असतो, तो बहुधा कोराच जातो. त्यांनी तो काठोकाठ भरला, मागच्या बाजूलाही लिहिलं. "हुकूम बदलता येत नाही," ते म्हणाले, "पण कैफियत लिहायला मला कोणाची परवानगी लागत नाही." महिन्याभरात तालुक्याहून उत्तर आलं. आणखी एक साल.

ते साल फार लांब गेलं. लोक आता बोलत नव्हते, नुसते बघत होते. पाचही सुनांवर सगळ्या गावाची नजर. नंदाबाई म्हणायची, "मी पाण्याला चालले तरी बायका माझं तोंड न्हाई, पाय बघतेत." पाटलांचं मात्र एक सांगायला हवं. पहार आणलेला माणूस, पण आत्याचा शब्द मान्य केल्यावर त्यांनी भिंतीशी स्वतःचा माणूस बसवला आणि स्वतःच्या आईलाही पाय धुवायला भिंतीपलीकडं जाऊ दिलं नाही.

आखाजी झाली. फोड नाही. वैशाख अर्धा सरला. फोड नाही. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण माणसं नांगरटीला निघाली होती. सगळी माणसं, एकाच उन्हाळ्यात, आपापल्या पायांवर. मला आठवतं तेव्हापासून असं झालं नव्हतं.

तपासणीला दोन दिवस राहिले आणि नंदाबाई लंगडायला लागली.

तिनं माझ्यापासून लपवलं होतं. टाच वर धरून रहाट ओढताना मी तिला पाहिलं. घरी आणून पाय बघितला तर टाचेच्या कडेला फोड, लालबुंद, सुजलेला. दुसरा उन्हाळा. एक सून चुकली नाही, असं आत्याच म्हणाली होती. मी नंदाबाईला म्हटलं, "गाडी जुंपतो. आठ दिवस केदारखेड्याला जाऊन ये. दारोगा गेला की आनतो." ती रडायला लागली. लपवून नेलेली मुलगी बाप परत धाडणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण बारव तर वाचेल, असं मी मनाला सांगत होतो.

गाडी जुंपली तोच आत्या दारात. कमरबीनं सांगितलं होतं. तिनं बैलांच्या पुढं काठी आडवी धरली.

"कुठं चाल्ला?"

"आत्या, तुझ्याचसाठी करून राह्यलो."

"माझ्यासाठी? लपवायचंच आस्तं तर अंगठा काहून दिला आस्ता रे? तीस वर्सं न कळता पाजलं. आता कळून पाजू व्हय?" तिनं नंदाबाईचा पाय मांडीवर घेतला आणि फोडाभोवती बोट फिरवलं. मी विचारलं, नारूच आहे का. ती म्हणाली, "फुटंपस्तोर कुनाला सांगता येत न्हाई. आन् आता मी फोडनार न्हाई. आधी फोडला तर लोक म्हनतील, म्हातारीनं वडून टाकला. दारोगाच्या म्होरं फोडू."

ते दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर सगळं गाव जमलं. माझे सासरेही खबर लागून केदारखेड्याहून आले, बैल न सोडता गाडी तशीच उभी करून. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. दारोगांनी घरटी माणसं बोलावली, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत. एकाचाही पाय बांधलेला नव्हता. चार सुना झाल्या. पाचवी नंदाबाई लंगडत आली आणि मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

दारोगांनी भिंग लावलं आणि हात मागं घेतला. "अब तुम देखो," ते आत्याला म्हणाले.

आत्यानं बादली मागवली. नंदाबाईचा पाय गार पाण्यात सोडला, कारण नारू असेल तर तो पाण्यात डोकं काढतो. ती थांबायचं तेवढा वेळ थांबली. मग टाच फडक्यावर घेतली आणि सुईचं टोक फोडाला लावलं. पू आला. तिनं पुसला, दोन्ही अंगठ्यांनी कडेनं दाबलं. मी तिच्या कमरेला खोचलेली तुरीची काडी बघत होतो. ती काडीला हात लावते की नाही, एवढंच बघत होतो.

तिनं काडीला हात लावला नाही. सुईनं उकरलं, नखांच्या चिमटीत काहीतरी धरलं आणि उपसून हात वर केला. काळा, टणक, नखाएवढा. बाभळीचा काटा.

"कडूबा!" ती एवढ्यानं ओरडली की सासऱ्यांचे बैल उधळले. "मुडद्या, रहाटाच्या नव्या कन्यासाठी बाभळी तोडतो आन् डहाळ्या परसात टाकतो! बायकूच्या पायाखाली!"

मी आयुष्यात इतक्या आनंदानं शिवी खाल्ली नाही. आधी पुंजाराम हसला, मग पाटील, मग सगळी चावडी. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, बायका आत्याच्या गळ्यात पडत होत्या आणि ती काटा उंच धरून तशीच उभी होती. दारोगांनी कागद माझ्याकडं दिला. "पढ़ो. जोर से." मी नारूच्या रकान्यातला शब्द वाचला, "सिफर! शून्य!" कुणीतरी म्हणालं, पुन्हा वाच. मी चार वेळा वाचला. शेजारी जिम्मेदार इसमाच्या जागी आत्याचा दोन वर्षांपूर्वीचा अंगठा होता. दारोगांनी त्याच्याखाली स्वतःची सही केली आणि म्हणाले, "अम्मा, तालुक्यात बारा बारवा आहेत. सगळ्यांना भिंत घालायची आहे. येणार का समजवायला?" दोन वर्षं तिला बाई म्हणणारा माणूस तिला अम्मा म्हणाला.

आत्या म्हणाली, "येते की. उन्हाळ्यात आता मला काम कुठं राह्यलं?"

मग पाटील बारवेवर गेले, स्वतः रहाट ओढला, पहिला पोहरा काढला आणि तांब्या भरून आत्यापुढं धरला. ती एका दमात प्यायली. माझ्या सासऱ्यांनी बैल सोडले आणि माझ्याकडं जेवायला थांबले.

त्याच ज्येष्ठात हसनाबादचे ते गृहस्थ पुन्हा आले, तेच, पान न खाता उठलेले. पुंजारामच्या धाकट्या भावाला, धर्मराजला, आपली पुतणी द्यायची म्हणून. बसले, पाणी प्यायले, वावर विचारलं, बैल विचारले, लग्नाची तिथीही काढायला लागले. आत्या दाराशी बसली होती. तिला राहवेना.

"पाव्हनं, नवरदेवाचे पाय बघायचे राह्यले."

गृहस्थ ओशाळले. "न्हाई म्हंजे, आता कशाला?"

"आसं कसं? रीत हाय तुमची. ऊठ रे धर्मराज, चालून दाखव."

धर्मराज उठला, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत चालला. पोटऱ्यांवर डाग होते, पण सगळे जुने. त्याच्यामागं पुंजाराम चालला, मग मी, मग कुणी न सांगता पाटील. अंगणात हसण्याचा नुसता कल्लोळ झाला.

आत्याही हसत होती. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली, मोठ्यानं, लाज न धरता. कमरबीनं तिला जवळ घेतलं. "माझी झुंबर अशी चालली आस्ती," आत्या म्हणाली. मग तिनं डोळे पुसले आणि धर्मराजला सांगितलं, "अजून एक चक्कर मार."

धर्मराजनं मारली.